गुडघ्याचं निमित्त आणि चौदा इंची स्टिअरिंग

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याजवळ 2008 ची मारुती 800 आहे, दोन वर्षांपूर्वी मामाकडून घेतली. माझी उंची सहा फूट एक इंच. क्लच दाबताना डावा गुडघा स्टिअरिंगला लागतो. मित्र म्हणतो, तेरा इंची स्पोर्ट्स स्टिअरिंग टाक, ऑनलाइन स्वस्तात मिळते. गावातला मेकॅनिक म्हणतो, अर्ध्या घंट्याचं काम आहे. बाबा म्हणतात, ‘काहून बिघडवतं चांगली गाडी?’ गाडी रोज वावरात जाते आणि आठवड्यातून एकदा यवतमाळला. टाकू का? सोबत त्या नव्या स्टिअरिंगचा फोटो पाठवतो.
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर : राजा, गुडघ्याचं दुखणं मला मान्य. पण नुसत्या गुडघ्यासाठी माणूस लाल धाग्याच्या शिलाईचं स्टिअरिंग शोधत नाही. हौस आहे तर हौस म्हण, त्यात लाजायचं काय? मीही केली होती, त्याची गोष्ट पुढे येते.

आधी गुडघ्याचं पाहू, कारण तो कदाचित फुकटात सुटेल. तुझ्या मामाची उंची किती? पाच-चार, पाच-पाच असेल तर ते इतकी वर्षं सीट पुढे ओढून बसले असतील आणि मागचे खाचे धूळ-चिखलानं भरून गंजले असतील. सीट ‘इथपर्यंतच सरकते’ असं तुला वाटतं, पण पट्टी तिथं संपत नसते, जाम झालेली असते. सीटचे बोल्ट काढ, दोन्ही पट्ट्या डिझेल आणि तारेच्या ब्रशनं साफ कर, थोडं ग्रीस लाव आणि शेवटच्या खाच्यापर्यंत सरकवून पाहा. माझ्याकडे आलेल्या जुन्या 800 पैकी कितीतरी गाड्यांत अशी तीन-चार बोटं जागा निघाली आहे. सीट परत बसवताना चारही बोल्ट नीट आवळ. अपघातात सीटच निघून आली तर पट्टा बांधून काही उपयोग नाही.

एवढं करूनही गुडघा लागत असेल, किंवा लाल धागा डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर पुढं वाच.

स्टिअरिंग म्हणजे पाना. नट हलत नसला की आपण पान्यावर पाइप चढवतो. दांडा लांब झाला की तोच नट तेवढ्याच माणसाला सैल होतो. स्टिअरिंग लहान करणं म्हणजे तो पाइप काढून घेणं. बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टिअरिंग 37-38 सेंटिमीटर व्यासाचं असतं. तुझं टेपनं मोजून घे. 38 च्या जागी 35 चं, म्हणजे चौदा इंची टाकलं तर हाताला सुमारे 9 टक्के जास्त जोर लागेल. तेरा इंची, म्हणजे 33 चं टाकलं तर 15 टक्के. तुझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नसेल तर हा सगळा जोर तुझ्याच मनगटाचा. चालत्या गाडीत फारसं कळणार नाही, कारण 800 पुढून हलकी आणि टायर बारीक. कळेल ते मार्केट यार्डात, कापसाच्या गाड्यांच्या गर्दीत उभ्या गाडीचं चाक फिरवताना. त्यात टायरमध्ये हवा कमी असली तर बघायलाच नको.

लोकांचा एक गैरसमज असतो, की लहान स्टिअरिंगनं गाडी ‘लवकर वळते’. गाडी तेवढीच वळते. या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी जेवढे फेरे लागत होते तेवढेच नंतर लागतात, कारण ते खाली चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टी आणि चक्रीच्या, म्हणजे रॅक आणि पिनियनच्या, दात्यांवर ठरतं, वरच्या गोलावर नाही. फक्त हाताला कमी अंतर कापावं लागतं, म्हणून गाडी चपळ वाटते.

आता माझी गोष्ट. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. त्या काळच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं. परातीएवढं स्टिअरिंग, आणि ड्रायव्हर त्याच्यावर अख्खं अंग टाकून गाडी डेपोत वळवायचा. दिवसभर ते पाहून मला वाटे, आपल्या स्वतःच्या गाडीला एवढंसं, नाजूक स्टिअरिंग असावं. 1994 साली जुनी जीप घेतली आणि तिला बारा इंची स्टिअरिंग टाकलं. तीन चकचकीत दांड्या, मधे काळं बटण. शंकरपटाला घेऊन गेलो तर पोट्टे बैल सोडून जीपच पाहत उभे. पावसाळ्यात एकदा त्याच जीपनं पांधणीतून वावरात चाललो होतो. बंडीच्या चाकोरीत पाणी, पाण्याखाली दगड. डावं चाक दगडावर आपटलं आणि स्टिअरिंग हातातून गर्रकन फिरलं. माझा उजवा अंगठा गोलाच्या आत, दांडीला अडकवलेला. दांडी आली ती थेट अंगठ्यावर. हाड जुळलं, पण आजही थंडीत त्या अंगठ्यानं नट धरवत नाही.

जुने जीपवाले सांगत, अंगठा गोलाच्या वर ठेव, आत घालू नको. मी वर्कशॉपचा मेकॅनिक, मला कोण शिकवणार! मोठं स्टिअरिंग असतं तरी झटका आला असता, पण चाकाकडून वर येणारा तोच पीळ लहान गोलावर हाताला जास्त जोरानं लागतो. तुझी गाडी जीप नाही, तरी तुझ्याही वाटेत पांधण आहे. म्हणून अंगठ्याचं लक्षात ठेव.

तर माझं मत : तेरा नको, चौदा इंची घे. आणि घेण्याआधी खोक्याच्या पुठ्ठ्याचं 35 सेंटिमीटर व्यासाचं कडं काप, आपल्या स्टिअरिंगवर मधोमध चिकटव आणि सीटवर बसून पाहा. मोठ्या गोलातून दिसणारा मीटर लहान गोलाच्या वरच्या कडेआड जातो. स्पीडचा काटा एक वेळ नाही दिसला तर चालेल असं तुला वाटेल, पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात इंजिनच्या तापमानाचा काटा दिसलाच पाहिजे. पुठ्ठ्याला पैसे लागत नाहीत.

बसवण्याचं सांगतो, कारण ‘अर्ध्या घंट्याचं काम’ ऐकून मला काळजी वाटली. नवीन स्टिअरिंग थेट दांड्यावर, म्हणजे स्टिअरिंगपासून खाली रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर, बसत नाही. मधे एक हब लागतो, त्याला बॉस किट म्हणतात. त्याच्या आतले दाते तुझ्याच गाडीच्या दांड्याचे असले पाहिजेत, ‘सगळ्या मारुतीला चालते’ असं कोणी म्हटलं तर विकत घेऊ नको. वरच्या बाजूला सहा बोल्ट असतात. ते ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास सहसा 70 मिलिमीटर, काही कंपन्यांचा 74. चार मिलिमीटरचा फरक आहे म्हणून भोकं कानसून बसवणारे महाभाग मी पाहिलेत. तू ते करू देऊ नको. स्वस्तातल्या स्टिअरिंगच्या दांड्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात. हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पीळ देऊन पाहा. वाकल्यासारखं वाटलं तर ते भिंतीवर टांगायचं आहे, गाडीत नाही.

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची. पुढची चाकं सरळ करून दांड्यावर आणि जुन्या स्टिअरिंगवर खडूनं एक रेघ मारायची, नाहीतर नंतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. जुनं स्टिअरिंग पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावून काढायचं. दांड्यावर हातोडी मारणाऱ्या मेकॅनिकच्या हातातून हातोडी काढून घे, मी म्हणतो म्हणून सांग. अपघातात छातीवर येऊ नये म्हणून अनेक गाड्यांचा हा दांडा आत दबणारा बनवलेला असतो. वरून ठोकला की तोच सैल होतो. मधला नट कंपनीनं दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानंच, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्यानंच, आवळायचा. तुझ्या मेकॅनिककडे तो पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. शंभर किलोमीटर चालवून नट आणि ते सहा बोल्ट पुन्हा तपास. स्टिअरिंग हातात डुगडुगलं तर तिथंच थांब, ‘यवतमाळपर्यंत तर जाऊ’ म्हणू नको.

मग हॉर्न. हॉर्नची तार नव्या बटणापर्यंत नेताना स्टिअरिंग दोन्हीकडे पुरं फिरवून पाहायचं, तार ओढली जाते का, कुठं घासते का. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होण्यासाठी स्टिअरिंगच्या मागं एक जीभ असते. बॉस किटमध्ये ती नसली, किंवा चुकीच्या जागी बसली, तर तुझा इंडिकेटर गाव संपेपर्यंत लुकलुकत राहील आणि मागचा ट्रॅक्टरवाला तुझ्या वळण्याची वाट बघत बसेल.

बॉस किटच्या जाडीमुळे स्टिअरिंग तुझ्याकडे चार-सहा सेंटिमीटर पुढे येईल. सीट मागे घेतलेल्या उंच माणसाला ते उलट बरं, हात ताणावे लागत नाहीत. पण इंडिकेटर आणि वायपरच्या काड्या जिथल्या तिथं राहतात, बोटं पोचतात का तेही बघ.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला, कलम 182अ खाली, प्रत्येक फेरफारामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आहे. म्हणून बसवण्याआधी आरटीओत विचार आणि विमा कंपनीला लेखी कळव. तुझ्या गाडीला 15 वर्षं 2023 मध्ये झाली, म्हणजे फेरनोंदणी झालेली असेल, आणि पाच वर्षांनी गाडी पुन्हा तपासणीला उभी राहणार. जुनं स्टिअरिंग भंगारात देऊ नको. पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेव. गाडी विकताना घेणारा तेच मागेल.

बाबांना माझा नमस्कार सांग आणि पहिल्यांदा गाडी त्यांना चालवायला दे.

प्रश्न : भाऊ, माझ्या मुलानं त्याच्या 2021 च्या गाडीसाठी तेरा इंची स्टिअरिंग मागवलं आहे. त्या गाडीत एअरबॅग आहे. एअरबॅग काढल्यावर मीटरमध्ये लाल दिवा लागतो, पण एक छोटा रेझिस्टर जोडला की तो विझतो, असं त्याला दुकानदारानं सांगितलं. तो दर पंधरा दिवसांनी समृद्धीवरून नाशिकला जातो. मी शाळेत शिकवते, गाडीतलं मला कळत नाही, पण मन धजत नाही. त्याला काय सांगू?
— एक वाचक, ता. घाटंजी

उत्तर : ताई, तुमचं मन बरोबर सांगते. हे स्टिअरिंग परत पाठवायला लावा.

वरच्या पत्रातल्या पोराला मी परवानगी दिली, कारण त्याच्या गाडीत एअरबॅग नाही, तो गमावण्यासारखं काही गमावत नाही. आपल्या देशात 1 जुलै 2019 पासून नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि ती असते स्टिअरिंगच्या मधोमध. मूळ स्टिअरिंग काढलं की एअरबॅगही गेली.

रेझिस्टर दुसरं काही करत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरला खोटं सांगतो. एअरबॅगच्या तारेत जेवढा विरोध कॉम्प्युटरला दिसायला हवा तेवढा दाखवतो, म्हणून दिवा विझतो. हजेरीपटावर हजर आणि बाकावर कोणी नाही, असा प्रकार. तुम्ही शाळेतल्या, तुम्हाला लगेच कळेल.

मुलगा म्हणेल, पट्टा तर आहे ना. बऱ्याच नव्या गाड्यांत धडकेच्या क्षणी पट्टा आधी आवळतो आणि मग छातीच्या फासळ्या मोडू नयेत म्हणून मुद्दाम थोडा सैल सुटतो. माणूस पुढे जाणार, तिथं फुगलेली पिशवी त्याला झेलणार, असा तो हिशेब असतो. पिशवी डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. तुमच्या मुलाच्या गाडीतही तसाच पट्टा असेल तर तो सैल सुटेल आणि समोर पिशवीच्या जागी लोखंडी बॉस आणि सहा बोल्ट असतील.

आणखी एक. त्याच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग आधीच हलकं आहे. हात 2 सेंटिमीटर सरकला तर 38 सेंटिमीटरच्या स्टिअरिंगला सुमारे 6 अंश फिरवतो, तेरा इंची, म्हणजे 33 च्या स्टिअरिंगला जवळपास 7 अंश. पाण्याची बाटली घ्यायला वाकलं की हात तेवढा सरकतोच, आणि ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. कॉलेजच्या मैदानात ती चपळाई बरी वाटते, समृद्धीवर झोपेच्या वेळी नाही.

त्यालाही काहीतरी द्यावं लागेल, नुसतं ‘नको’ म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत. मूळ स्टिअरिंगवर चामड्याचं कव्हर हातानं शिवून मिळते. पकड जाड होते, लाल धागाही घालता येतो. मधल्या एअरबॅगच्या झाकणावर मात्र काही चिकटवायचं नाही. बाजारातलं तयार, रबरी, ओढून चढवायचं कव्हर नको. आपल्या उन्हात ते पाघळून गोलगोल सरकते.

प्रश्न : ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर जशी गोल मूठ असते, तशी कारला लावली तर एका हातानं वळवता येईल का?
— एक कास्तकार, ता. आर्णी

उत्तर : ट्रॅक्टर वावरात धुऱ्याजवळ वळवायला ती मूठ चांगली. कारला नको. वळण संपल्यावर कारचं स्टिअरिंग आपोआप वेगानं परत फिरतं, तेव्हा ती मूठ शर्टाच्या बाहीत, नाहीतर मनगटातल्या कड्यात अडकते. तुमचा एक हात अधू असल्यामुळे विचारत असाल तर गोष्ट वेगळी. मग बाजारातून मूठ आणू नका, आधी आरटीओत जा. अपंगांसाठी गाडीत करायचे बदल आणि लायसन्सवरची नोंद तिथूनच होते. पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. तसं असेल तर पुन्हा लिहा, कोणता हात आणि गाडी कोणती तेही कळवा.