पगार चांगला आहे, स्वतःचं घर आहे, तरी समाधान नाही. पैसा, नाती, वेळ आणि तत्त्वं यातलं आधी काय नीट करू?

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात पण खाली तपशिलात जे एक वाक्य टाकलंय ना, फ्लॅट हडपसरला आणि ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला, तिथंच माझी नजर अडकली. बाकीचं सगळं, म्हणजे पगार दीड लाख, ईएमआय 52 हजार, मुलगा चार वर्षांचा, बायको म्हणते घरात असून नसल्यासारखा असतोस, हे नंतर बघू. पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला रोज जाऊन यायचं आणि वर विचारायचं की कुठली तत्त्वं जपू. अहो साहेब, तत्त्वं जपायला माणूस आधी रात्री नऊनंतर जागा तरी राहिला पाहिजे.

माझं मत सरळ आहे. हडपसरचा फ्लॅट भाड्यानं द्या आणि ऑफिसजवळ भाड्यानं राहा. आमच्या सासरवाडीत याच विषयावर गेली कित्येक वर्षं युद्ध चालू आहे म्हणून जरा लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

आमचा टू बीएचके कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत, कर्ज फिटलेलं. ऑफिस फेज टूला. ऐकायला अंतर काही फार नाही, पण चांदणी चौकातला जुना पूल तेव्हा होता (तो 2022 च्या ऑक्टोबरमध्ये पाडला) आणि संध्याकाळी हिंजवडीचा शिवाजी चौक, मग भूमकर चौक, मग हायवे, मग चांदणी चौक, असं करत घरी पोचेपर्यंत माझा पार भुगा झालेला असायचा. आल्यावर अर्धा तास कोणी माझ्याशी बोलायचं नाही हा घरातला अलिखित नियम होता आणि तो मी केला नव्हता, बायकोनं आणि मुलीनं आपापसात ठरवून टाकला होता. त्याचा मला जास्त राग यायचा.

2018 च्या दिवाळीत ठरवलं की ऑफिसजवळ वाकडला भाड्यानं जायचं. बायको घरूनच टॅक्सची कामं करते, मुलगी दुसरीत, शाळा बदलता येत होती. पाडव्याला सासरी जेवायला सगळे जमले होते तिथं मी हे सांगितलं आणि आमचे थोरले साडू घास खाली ठेवून म्हणाले, अहो, स्वतःचं घर दुसऱ्याला देऊन आपण भाड्यानं राहायचं, हे कुठलं गणित? लोक भाड्यातून स्वतःच्या घरात जातात, तुम्ही उलटे निघालात. सासरे गप्प. सासूबाईंचा चेहरा असा की जावयाची नोकरी गेली की काय.

तर गणित ऐका. कोथरूडला भाडं येणार होतं 21 हजार, वाकडला द्यायचं होतं 26 हजार. सामान हलवणं, ब्रोकर, अॅग्रीमेंटचा खर्च महिन्यावर पसरवून फरक 6 हजार धरा. वाचणारा वेळ रोजचे दोन तास, महिन्याचे कामाचे दिवस 22, म्हणजे 44 तास. तासाला 136 रुपये पडले. आणि हेच साडू लक्ष्मी रोडला पार्किंग मिळत नाही म्हणून जाऊन येऊन दोन-अडीचशेची रिक्षा करतात, ती चालते. मी हे तिथंच बोललो. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला पण तोपर्यंत बोलून झालं होतं.

त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, भाडं म्हणजे पैसे पाण्यात. बरं. तुमचा ईएमआय 52 हजार म्हणताय, म्हणजे साडेआठ टक्क्यानं 20 वर्षांसाठी घेतलं असेल तर कर्ज साधारण 60 लाखांचं. एकूण भरणार सव्वा कोट, त्यातलं व्याज 65 लाख. पहिल्याच हप्त्यातले 42,500 निव्वळ व्याजाचे. भाडं पाण्यात म्हणणाऱ्यांनी हे 65 लाख कुठं जातात तेही एकदा सांगावं. तुम्ही पैशाचं विचारलंय म्हणून एवढंच सांगतो की फ्लोटिंग रेट, म्हणजे बदलता व्याजदर असेल तर बोनस आला की थेट मुद्दलात टाका, 2012 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँका त्यावर दंड लावू शकत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत टाकलेल्या पैशाचा फायदा सगळ्यात जास्त. एसआयपी वगैरे तुम्हाला माहीतच असणार, त्यावर इथं शंभर उत्तरं पडलीत.

आता ते दोन तास मिळाल्यावर मी काय केलं? काहीही नाही. गिटार शिकलो नाही, पहाटे उठून टेकडी चढलो नाही. भाजी आणायला दोघं बरोबर जायला लागलो, मुलीचे पाढे घेतले, कधी नुसताच गॅलरीत बसलो. लोक विचारतात, मग भांडणं कमी झाली का? नाही झाली, पण भांडण ज्या दिवशी सुरू झालं त्याच दिवशी संपायला लागलं. आधी सोमवारचं भांडण शनिवारपर्यंत साठून राहायचं कारण मधे बोलायला कोणाच्या अंगात त्राणच नसायचं, आणि शनिवारी ते उकरलं की मूळ कारण दोघांनाही आठवायचं नाही, नुसता राग शिल्लक. तुमची बायको जे म्हणतेय ते हेच असावं असा माझा अंदाज आहे. नात्यांसाठी महिन्यातून एकदा महाबळेश्वर करून हे भरून निघत नाही.

2020 मध्ये साडूंची दिवाळी झाली. सगळे घरी बसले, कोथरूडचा भाडेकरू गावी निघून गेला, फ्लॅट काही महिने रिकामा, आणि आम्ही वाकडचं भाडं भरतोय. ग्रुपवर त्यांचा मेसेज, आता कुठंय ऑफिस? उत्तर दिलं नाही. पुढं ऑफिसनं परत बोलावलं तेव्हा मात्र मी पहिल्या दिवशी सकाळी घरातून किती वाजता निघालो आणि किती वाजता पोचलो ते ग्रुपवर टाकलं.

मग 2023 मध्ये त्यांनी एक फॉरवर्ड पाठवला की पैसा वाढला की सुखही वाढतच जातं असं सिद्ध झालंय, म्हणजे फरकाचे 6 हजार वाचवले असते तर तुम्ही जास्त सुखी झाला असता. मी हट्टानं शोधून वाचलं. 2010 मध्ये कानेमन आणि डीटन या संशोधकांनी म्हटलं होतं की अमेरिकेत वर्षाला 75 हजार डॉलरच्या पुढं रोजचा आनंद फारसा वाढत नाही. नंतर किलिंग्सवर्थ नावाच्या संशोधकाला वेगळं दिसलं, मग 2023 मध्ये कानेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी एकत्र बसून माहिती पुन्हा तपासली आणि निघालं ते असं की बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, फक्त जे मुळातच फार दुःखी असतात त्यांचा एका रकमेनंतर थांबतो. म्हणजे साडू बरोबर? अर्धेच. कारण ही वाढ पटीत मोजलीय. 50 हजाराचे एक लाख झाले की जेवढा फरक पडतो तेवढाच परत पडायला एक लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. दीड लाखवाल्याला 6 हजारांनी काय होणार? उलट रोजच्या प्रवासाचं बघा. स्टुट्झर आणि फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासून 2008 मध्ये छापलं की ज्यांचा प्रवास लांबचा ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, स्वस्त घर किंवा बरा पगार त्याची पूर्ण भरपाई करत नाही. मी ती लिंक ग्रुपवर टाकली. दोन निळ्या टिका. बस.

आणि मागच्या वर्षी साडूंनी स्वतःच्या मुलाला बाणेरला भाड्यानं घर घेऊन दिलं, ऑफिस जवळ पडतं म्हणून. घरचा थ्री बीएचके बिबवेवाडीला असताना. मी विषय काढला तर म्हणाले, त्याची गोष्ट वेगळी आहे.

तत्त्वांचं राहिलंच. खरं सांगू, त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. माझ्यापुरतं एकच आहे, स्वतःचं घर ही प्रतिष्ठा आहे असं मानून निर्णय घ्यायचा नाही. पुण्यात हे जपणं उपासापेक्षा अवघड आहे, सोसायटीच्या गणपतीत हमखास कोणीतरी विचारतं, ओनर का टेनंट.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. आमच्यावर कर्ज नव्हतं, तुमच्यावर आहे, त्यामुळं हडपसरच्या भाड्यातून ईएमआय निघणार नाही, वरचे खिशातून जाणारच. पण ते आजही जातायतच. एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, त्याची सूट जुन्या टॅक्स रेजीममध्ये मिळते, आपला फ्लॅट त्याच शहरात भाड्यानं दिलेला असला तरी, नव्या रेजीममध्ये ती मिळत नाही. हडपसरच्या भाड्यावर टॅक्स लागेल, पण आधी भाड्यातले 30 टक्के वजा होतात. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर केल्याशिवाय चावी देऊ नका, नातेवाईक असला तरी. मूल नववी-दहावीत असतं तर मी हे सुचवलंच नसतं, चार वर्षांचं आहे म्हणजे हीच वेळ आहे.

आणि तुमची बायको नोकरी करते का, कुठं करते, हे तुम्ही लिहिलंच नाही! ती तिथं हडपसरलाच, मगरपट्ट्यात असेल तर वरचं सगळं बोंबललं, तुमचे दोन तास वाचवायला तिचे दोन तास जाणार, आणि मग घरात असून नसल्यासारखं कोण असेल ते सांगायला नको. तसं असेल तर घर अजिबात हलवू नका, नोकरी तुम्ही बदला. तुमच्या बाजूला खराडीत आयटी कंपन्या काय कमी आहेत का? पगार दहा-पंधरा हजारांनी कमी मिळाला तरी घ्या.