कुत्र्याचं पिल्लू बकाबका खातंय?

घाबरू नका. भावंडांशी चढाओढ करत वाढलेली पिल्लं अशीच तुटून पडतात. आधी तो खोलगट वाडगा बाजूला ठेवा. आमच्या लॅब्राडॉरला मी इडलीपात्राच्या ताटलीत खाणं द्यायचे, प्रत्येक खळग्यात थोडंथोडं. एका मिनिटात संपणारं जेवण चांगलं दहा मिनिटं चालायला लागलं! डॉग फूडचे कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्या. तीन महिन्यांच्या पिल्लाचं दिवसाचं खाणं 3-4 वेळा विभागा, म्हणजे भूक साचत नाही. खाण्याचा वेग कमी करायला वाडग्यात दगड मात्र ठेवू नका, गिळला तर ऑपरेशनची वेळ येते. जंतांमुळेही अशी भूक लागू शकते, जंताचं औषध झालंय ना? आणि पोट फुगून नुसत्याच कोरड्या उलट्या होत असतील, तर मध्यरात्र असली तरी तडक डॉक्टर गाठा.