‘बादलीत पुडी टाक’ म्हणणाऱ्याचे पैसे घेतलेत, आता काय करू?

प्रश्न : मी रेसच्या घोड्यांच्या एका ट्रेनरच्या तबेल्यात मोतद्दार आहे. शहराचं नाव कृपया छापू नका. मागच्या सीझनला एका माणसाने ओळख वाढवली. कुठला घोडा सकाळच्या कामाला लंगडला, कोणी दाणा सोडला, एवढंच कळव म्हणाला. मी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवत गेलो. बायकोच्या खात्यात थोडे थोडे करून ३८,००० रुपये आले. मग ‘सिक्युरिटी’ म्हणून त्याने माझ्या सहीचा कोरा चेक घेतला. एका शनिवारी त्याने पुडी दिली आणि रात्री घोड्याच्या पाण्याच्या बादलीत टाक म्हणाला. मी पुडी घेतली, पण टाकली नाही. रविवारी पहाटे ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असा मेसेज केला. घोडा फेव्हरिट होता, तरी पाचवा आला. आता स्ट्युअर्ड्सची (रेस क्लबच्या पंचांची) चौकशी लागली आहे आणि मलाही बोलावलं आहे. तो माणूस म्हणतो, एक लाख दे, नाहीतर चेक बँकेत टाकतो आणि चॅट ट्रेनरला दाखवतो. पुडी अजून माझ्या पेटीत आहे. मी तुरुंगात जाणार का? चॅट डिलीट करू का? पैसे परत केले तर सुटेन का? ट्रेनरला आधी सांगू का?

उत्तर : तुमच्या चार प्रश्नांत पुडीचा प्रश्न नाही, आणि तुमच्या प्रकरणात सगळ्यात नाजूक गोष्ट तीच आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

ती पुडी फेकू नका, उघडू नका, कोणाला दाखवायला बाहेरही काढू नका. रेसनंतर विजेत्या घोड्याचे आणि स्ट्युअर्ड्स सांगतील त्या इतर घोड्यांचे नमुने तपासणीला जातात. तुमच्या घोड्याचा नमुना घेतला गेला असेल आणि त्यात काही निघालं, तर पहिली झडती तबेल्यातल्या माणसांची होईल. झडतीत पुडी सापडली, तर ‘मी टाकली नव्हती’ हे तुमचं म्हणणं कोणी सहजासहजी मानणार नाही. तीच पुडी तुम्ही स्वतः, वकिलासोबत, लेखी तक्रारीबरोबर पोलिसांना दिलीत, पंचनामा झाला, सील लागलं आणि ती न फोडलेली, भरलेली आहे याची नोंद झाली, तर ती तुमच्या बाजूने बोलेल. एकच वस्तू, पण ती कोणाच्या हातून बाहेर आली यावर सारं ठरतं. तुम्ही पोलिसांपुढे दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही हे खरं. पण कोठडीत दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार वापरता येतो. म्हणून अटकेची वाट बघत बसू नका.

एक कठोर गोष्ट सांगायला हवी. शनिवारी तुम्ही नकार दिला नाहीत, पुडी घेतलीत. समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवणार : ‘घेतली म्हणजे कबूल केलं.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ६१ मध्ये गुन्हेगारी कट आहे, आणि गुन्हा करायचं दोघांनी ठरवलं की कट पूर्ण होतो, पुढे काही केलं नाही तरी. तुमचा बचाव त्या पहाटेच्या मेसेजमध्ये आहे. रेस सुटायच्या आधीची वेळ त्यावर आहे. तो मेसेज नसता तर हे उत्तर मला फार वेगळं लिहावं लागलं असतं.

त्यामुळे चॅट डिलीट करायचं मनातही आणू नका. पुरावा म्हणून लागेल असा इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. शिवाय तुमच्या फोनमधून गेलेलं त्याच्या फोनमध्ये राहतंच, आणि मग न्यायालयासमोर फक्त त्याच्या सोयीचा भाग येईल. फोन बदलू नका, रिसेट करू नका, कोणाला दुरुस्तीला देऊ नका. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन लागतो.

आता तुरुंगाचं. रेसकोर्सवर पैसे लावणं हा मुळात गुन्हा नाही. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन यांच्या खटल्यात ठरवलं. महाराष्ट्राच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेही लायसन्सधारक रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या आवारात, रेसच्या दिवशी लावलेल्या पैशांना जुगारातून वगळलं आहे. त्या आवाराबाहेर फोनवर रेस घेणारा बुकी मात्र बेकायदा. तुमची खबर अशा माणसाकडे जात होती असं पत्रावरून दिसतं. टोळीने केलेली बेकायदा सट्टेबाजी आता न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये येते, एक ते सात वर्षांची शिक्षा. तुम्ही त्या टोळीचे सदस्य होता की वापरले गेलेले कामगार, हा तिथला खरा वाद असेल.

फसवणुकीचं कलम ३१८ लागेल का, यावर कायदा अजून डळमळीत आहे. आयपीएलच्या स्पॉट फिक्सिंग खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ साली खेळाडूंना आरोपमुक्त केलं. कर्नाटक प्रीमियर लीगच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की मॅच फिक्सिंग ही बेईमानी असेल, शिस्तभंग असेल, पण जुन्या दंड संहितेच्या कलम ४२० मधली फसवणूक ठरत नाही. खेळातला भ्रष्टाचार हा स्वतंत्र गुन्हा करा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात केली आहे. तरी या निकालांवर विसंबून राहू नका. ते क्रिकेटचे आहेत, आणि क्रिकेटवरचा सट्टा मुळातच बेकायदा. रेसकोर्सच्या टोटवर, म्हणजे तिथल्या अधिकृत पैजेच्या पूलवर, मात्र लोक खिडकीवर कायदेशीर तिकीट काढतात, सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमतात आणि जिंकणाऱ्याला त्यातूनच मिळतात. घोडा आजारी पाडून कोणी त्या पूलमधून पैसे काढले, तर फसवला गेलेला माणूस आणि त्याचं तिकीट दोन्ही दाखवता येतात. माझ्या मते रेसिंगमध्ये फसवणुकीचा गुन्हा उभा करणं क्रिकेटपेक्षा सोपं आहे.

आणि पुडी बादलीत गेली असती, तर प्रश्न पैशांपुरता राहिलाच नसता. जनावराला विषारी वस्तू देऊन निकामी करणं, न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे आणि त्यात जनावराला अपायकारक औषध देण्याचा पहिल्या वेळचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे. ही तरतूद इतकी वर्षं तशीच राहिली याचा मला मनापासून राग येतो. घोडा पाचशे किलोच्या आसपासचा, ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणारा, आणि पाठीवर पन्नास-पंचावन्न किलोचा जॉकी. गुंगी आलेला घोडा वळणावर कोसळला तर मागून येणारे त्याच्यावरच येतात. तिथे कोणी दगावलं, तर पुडी टाकणाऱ्यावर मनुष्यवधापर्यंतची कलमं लागू शकतात. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही थांबलात याची किंमत तुम्हाला कळावी म्हणून लिहिते.

वर सांगितलेली बहुतेक कलमं सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची आहेत. अशा गुन्ह्यांत नाव आलं की लगेच अटक, असं नसतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली की वेळेवर हजर राहायचं आणि तपासाला सहकार्य करायचं. अटकेची खरी भीती दिसली, तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो. तो मसुदा वकिलाकडे तयार असू द्या.

पैशांचं तुम्हाला वाटतं त्याच्या उलट आहे. ३८,००० परत पाठवले म्हणून झालेली गोष्ट पुसली जात नाही. शिवाय अनोळखी खात्यात पैसे पाठवलेत तर बायकोच्या खात्यावर नवा संशयास्पद व्यवहार दिसेल. पैसे शिल्लक असतील तर वेगळे ठेवा आणि त्यांचा उल्लेख तक्रारीत करा. खर्च झाले असतील तर तेही खरं लिहा, कर्ज काढून भरू नका. आणि बायकोला आजच सगळं सांगा. व्यवहार तिच्या नावावर आहे, तिलाही विचारणा होईल, आणि तिने ते पहिल्यांदा पोलिसांकडून ऐकणं तिच्यावर अन्याय होईल.

त्या माणसाला तुम्ही कायद्याने एक रुपयाही देणं लागत नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २३ नुसार बेकायदा हेतूचा करार रद्दबातल असतो आणि कलम ३० नुसार पैजेचे पैसे वसूल करायला दावा चालत नाही. एक लाख ‘दे नाहीतर’ म्हणणं हा उघड खंडणीचा प्रकार आहे, न्याय संहितेचं कलम ३०८ : पैसे उकळले तर सात वर्षांपर्यंत, नुसती भीती घातली तरी दोन वर्षांपर्यंत. पूर्वी चुकलेल्या माणसाकडूनही खंडणी मागता येत नाही. तुम्ही आधी काय केलंत त्यामुळे त्याचा गुन्हा कमी होत नाही.

कोऱ्या चेकचं थोडं सांभाळून. ‘पेमेंट थांबवा’ असं बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या, पण तेवढ्याने चेक न वटण्याचा गुन्हा, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८, टळत नाही. चेकवर सही तुमची असली की न्यायालय आधी देणं आहे असंच गृहीत धरतं, चेक कोरा दिला होता तरी. ते खोडून काढायचं काम तुमचं. तिथे चॅट कामाला येईल, कारण चेक कशासाठी घेतला हे त्यातूनच दिसतं. चेक परत गेल्यावर वकिलाची नोटीस आली तर पंधरा दिवस मिळतात. त्या मुदतीत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. खोटी नोटीस आहे म्हणून ती पेटीत टाकून देणारे पुढे कोर्टाच्या फेऱ्या मारत बसतात.

आता स्ट्युअर्ड्सची चौकशी. ते न्यायालय नाही, क्लबची घरची चौकशी आहे. तिथे वकिलाला आत बसू देतीलच असं नाही. तुम्ही तिथे जे बोलाल ते पोलिसांपुढचं बोलणं नसल्याने पुढे खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येऊ शकतं. म्हणून तोंडी सांगत बसू नका. वकिलाकडून मराठीत लिहून घेतलेलं, तुम्ही वाचून समजून घेतलेलं निवेदन न्या, त्याची पोच घ्या, आणि ‘याविषयी पोलिसांत तक्रार दिली आहे’ असं त्यात लिहा. खोटं मात्र एक अक्षर नको. खबर विकल्याबद्दल तबेल्याचा पास जाण्याची शक्यता आहे, आणि एका टर्फ क्लबने बाहेर काढलेल्याला दुसरे क्लबही सहसा उभं करत नाहीत. नोकरी वाचेल असं आश्वासन मी देऊ शकत नाही. स्वतःहून बोललेल्या माणसाला मुदतीची शिक्षा मागता येते, पकडल्या गेलेल्याला ते मागणं जड जातं.

क्रम असा ठेवा : आधी वकील, मग पोलीस, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्ट्युअर्ड्सकडे निवेदन. फौजदारी वकिलाला सगळं सांगा, तुमच्या संमतीशिवाय तो ते उघड करू शकत नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तपास मोठा झाला, बुकी आणि त्याच्या वरचे लोक पुढे आले, तर तुम्हाला साक्षीदार करायचं की नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली माफीचा साक्षीदार, हा विषय निघेल. माफीची अट एकच असते : सगळं आणि खरं सांगायचं. अर्धं सांगून मित्राला वाचवायला गेलात तर माफी जाते आणि खटला परत तुमच्यावर येतो. या प्रकरणात तबेल्यातला आणखी कोणी असेल, एखादा रायडिंग बॉय (सरावाला घोडा फिरवणारा), तर त्याच्याबद्दल काय माहीत आहे हे वकिलाला आत्ताच सांगा. जिवाची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ही योजना देशभर लागू केली आहे. तातडीचा धोका वाटला तर ११२.

राहिला ट्रेनर. तुमचं मन त्याला आधी सांगावं असं म्हणत असेल, वर्षानुवर्षं मीठ खाल्लंय. पण आत्ता तोही चौकशीत आहे. त्याने काही केलं आहे असं मी म्हणत नाही. तरी स्वतःचं लायसन्स वाचवण्यासाठी तो तुमच्यावर ढकलू शकतो, किंवा ‘पुडी मला दे, मी बघतो’ म्हणू शकतो, आणि तुमचा महत्त्वाचा पुरावा दुसऱ्याच्या हातात जाईल. पोलिसांची पोच हातात आली की त्याच संध्याकाळी त्याला स्वतः जाऊन भेटा आणि निवेदनाची एक प्रत द्या. तोवर त्या माणसाचा फोन आला तर उचलू नका, मेसेजला उत्तर देऊ नका, पण ब्लॉकही करू नका. धमक्या लेखी येत राहिल्या तर त्या तुमच्याच कामाच्या आहेत.