‘दिसायला कशी आहे?’ – पण कोणाला? : ‘पुरुषी नजर’ या शब्दाविषयी

मुंबईत कलाशिक्षण घेणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘मेल गेझ’ या इंग्रजी संकल्पनेवर मराठीत निबंध लिहायचाय. ‘पुरुषी नजर’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे छेडछाडच येते. मग ‘पुरुषदृष्टी’ किंवा ‘नरदृष्टी’ चालेल का? आणि सोबत ‘पितृसत्ता’ लिहू की ‘पुरुषसत्ता’?

उत्तर आधीच सांगते. ‘पुरुषी नजर’च ठेव.

तुझी अडचण मला पटते. या शहरात रोज लोकलने जाणाऱ्या बाईला ‘पुरुषी नजर’ म्हटल्यावर लेडीज डब्याच्या जाळीपलीकडून रोखलेले डोळे आठवणारच, आणि ते आठवणं चुकीचंही नाही. पण ही संकल्पना तेवढ्यावर थांबत नाही. लॉरा मल्व्ही या सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या ब्रिटिश बाईने १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या लेखात ती मांडली. तिचं म्हणणं असं: सिनेमात तीन नजरा असतात. एक कॅमेऱ्याची, एक प्रेक्षकाची आणि एक पडद्यावरच्या पात्रांची एकमेकांकडे बघण्याची. पहिल्या दोन लपवल्या जातात. नायक बघतो, आपण नायकाच्या डोळ्यांनी बघतो, आणि बाई बघितली जाते. म्हणजे एखादा माणूस वाईट चालीचा आहे, अशी ही तक्रार नाही. चित्र रचतानाच बघणाऱ्याची जागा पुरुषासाठी राखून ठेवली आहे, अशी आहे. नायिका पहिल्यांदा पडद्यावर येते तेव्हा कॅमेरा तिच्या पैंजणापासून हळूहळू वर सरकतो. त्या हालचालीला मराठीत शब्द आहे, ‘नखशिखान्त न्याहाळणं’. नखांपासून शेंडीपर्यंत वर्णन करायची ही रीत जुन्या काव्यातली. कॅमेरा यायच्या किती आधीपासून ती भाषेत होती!

‘नरदृष्टी’ लगेच बाजूला ठेवू. नर-मादी म्हटलं की प्राणिशास्त्राचं पुस्तक उघडतं. ‘पुरुषदृष्टी’ मात्र कानाला भारदस्त लागते, आणि घोटाळा तिथेच आहे. दृष्टी हा मराठीत मानाचा शब्द. दूरदृष्टी, दिव्यदृष्टी, ‘त्या संपादकाला दृष्टी होती’. (दृष्ट लागते तीही याच घराण्यातली, पण ती आता वेगळी राहते.) दृष्टी नुसती असू शकते, ती कुणावर पडायलाच हवी असं नाही. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या नजरेचं तसं नाही. नजर पडते, खिळते, भिडते, चुकवावी लागते. नजर ठेवतात. नजरकैदेत तर बाहेरच्याची नजर हाच तुरुंग. नजर म्हटलं की ‘कोणावर?’ हा प्रश्न पाठोपाठ येतोच. ‘पुरुषदृष्टी’ म्हणालीस की बघितली जाणारी बाई वाक्यातून गळून पडते आणि पुरुषाचं मत तेवढं उरतं.

कोणी म्हणेल, ‘गेझ’मध्ये रोखून, बराच वेळ बघणं आहे, नजरेत ते कुठे? ते क्रियापद पुरवतं. नजर टाकली तर क्षणभर, नजर खिळली तर हलतच नाही.

आता ‘पुरुषी’. हा शब्द ‘पुरुषाची’पेक्षा वेगळा आहे आणि माझ्या मते सगळा अर्थ या ‘ई’त आहे. ‘पुरुषाचा आवाज’ पुरुषाच्याच गळ्यातून येतो, ‘पुरुषी आवाज’ बाईचाही असतो. हा ‘ई’ मालकी सांगत नाही, धाटणी सांगतो.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. १९६८ च्या सुमाराची, गिरगावातल्या चाळीतली. तिला ‘बघायला’ मंडळी येणार होती. खोलीत उजेड कमी, म्हणून तिला खिडकीशी पाटावर बसवलं, तोंडावर ऊन येईल असं. आधी चार पावलं चालायला लावलं. मग वेणी पुढे घ्यायला सांगितली. मग हातात सुई-दोरा दिला, डोळे अधू नाहीत ना हे कळावं म्हणून. तिने एका फटक्यात दोरा ओवला. त्या सबंध दुपारी तिच्या डोळ्यांचा उपयोग काय तो इतकाच झाला, कारण वर बघायचं नाही हे आदल्या रात्रीच बजावून ठेवलं होतं. आणि समोर कोण होतं? मुलाची आई, काकू आणि थोरली बहीण. मुलगा आलाच नव्हता, त्याला रजा मिळाली नव्हती. खोलीत बघणारा एकही पुरुष नसताना ती दुपार पुरुषी नजरेची होती. म्हणून ‘पुरुषाची नजर’ नको, ‘पुरुषी नजर’ हवी.

मावशी आजही ‘मला दाखवली तेव्हा’ असंच म्हणते. मुलगी दाखवतात, मुलगी बघतात. मुलाबद्दल विचारतात ‘करतो काय?’, मुलीबद्दल ‘दिसायला कशी आहे?’

या ‘दिसायला’पाशी थांब, कारण तुझ्या निबंधाचा गाभा इथे सापडेल असं मला वाटतं. ‘दिसणं’ या क्रियापदाला बघणारा लागतो आणि तो ‘ला’ लावून येतो: मला समुद्र दिसतो, तुला पाटी दिसते का? समुद्र कर्ता असतो खरा, पण ‘मला’मुळे डोळे कोणाचे ते कळतं. आता ‘मुलगी दिसायला छान आहे’ हे वाक्य घे. कोणाला? वाक्यात तो कुठेच नाही. तो इतका गृहीत आहे की नाव घ्यायची गरज पडत नाही, आणि म्हणून त्याचं मत हा मुलीचाच गुण होऊन बसतो. वाक्यातून गायब झालेला हा ‘ला’वाला म्हणजे पुरुषी नजर. ‘देखणी’चंही तेच. देखणे म्हणजे पाहणे, पण देखणी म्हणजे पाहणारी नव्हे, पाहण्याजोगी.

हे चित्रात बघायचं तर राजा रविवर्म्यांची पायातला काटा काढणारी शकुंतला घे. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या चित्रांतल्या बायका चाळींच्या भिंतींपर्यंत पोचल्या. या चित्रात शकुंतला सखीच्या खांद्यावर हात ठेवून थांबली आहे, पाय उचललाय, मान मागे वळवलीय. काट्याचं निमित्त, बघायचंय दुष्यंताला. म्हणजे ती बघते आहे! कालिदासाच्या नाटकात आधी दुष्यंत झाडाआडून तिला बघतो, नंतर ती पायाचं निमित्त करून त्याच्याकडे बघते. तिथे दोघांनाही डोळे आहेत. चित्रात मात्र दुष्यंत चौकटीबाहेर राहिला आणि तिचं बघणं हेच आपल्यासाठी बघण्यासारखं झालं. वळलेली मान, कमरेचा बाक, सगळं आपल्या बाजूला. रविवर्म्यांच्या हातातली जादू मला लहानपणापासून ओढते आणि आजही ओढते. तरी त्या चित्रातला ‘ला’ कोण, हे एकदा कळल्यावर पूर्वीसारखं बघता येत नाही.

त्याच्या शेजारी अमृता शेरगिलचं ‘तीन मुली’ ठेव. १९३५ चं चित्र. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं, म्हणजे याच शहराने त्याचा मान केला. तीन तरुण मुली एकमेकींना लागून बसल्या आहेत. कोणीही आपल्याकडे बघत नाही, कोणीही आपल्यासाठी वळलेली नाही. नजर खालीच आहे, पण माझ्या मावशीसारखी खाली घालायला लावलेली वाटत नाही. आपल्याच विचारात बुडाल्यावर जाते तशी गेलीय. या चित्राबद्दल लिहायला लागले की माझ्या हातून ‘दिसतात’ उमटत नाही, ‘बसल्यात’, ‘वाट बघतायत’, ‘गप्प आहेत’ अशी क्रियापदं येतात. तुझ्या निबंधातल्या प्रत्येक चित्राला ही परीक्षा लावून बघ.

फक्त ‘पुरुषी नजर’च्या उलट ‘बायकी नजर’ लिहू नकोस. ‘बायकी’ला मराठीने हिणवण्याचा वास लावून ठेवलाय, आणि ही फार वाईट गोष्ट आहे. ‘बाईची नजर’ लिही. जात्यावरच्या ओव्यांत ती भरपूर आहे. दळता दळता बायका लांबून येणाऱ्या भावाचं रूप, त्याची चाल डोळे भरून बघतात आणि गातात.

‘पितृसत्ता’ की ‘पुरुषसत्ता’? पितृसत्ता. ‘पुरुषसत्ता’ म्हटलं की सगळे पुरुष एका बाजूला आणि सगळ्या बायका दुसऱ्या, असं चित्र होतं आणि मावशीसमोर बसलेल्या त्या तिघी कुठेच बसत नाहीत. पितृसत्तेत घराणं, नाव, वारसा, थोरल्यांचा धाकट्यांवरचा वचक आणि त्या वचकातून सासूला मिळणारा अधिकार, हे सगळं येतं. ‘पुरुषप्रधान’ रुळलेला शब्द आहे, पण मवाळ. प्राधान्य सभेतल्या पाहुण्यालाही देतात. सत्ता म्हणायचं तिथे सत्ताच म्हण.

राहिली छेडछाडीच्या अर्थाची भीती. ती विभक्तीने आणि शब्दयोगी अव्ययाने सुटते. ‘त्याने पुरुषी नजर टाकली’ असं लिहिलंस तर वाचणारा लोकलमध्येच जाईल. त्याऐवजी ‘हे दृश्य पुरुषी नजरेतून टिपलंय’, ‘ही आकृती पुरुषी नजरेसाठी बसवलीय’ असं लिही. ‘तून’ने चित्रकार किंवा कॅमेरा कुठे उभा आहे ते कळतं, ‘साठी’ने समोर कोण धरलाय ते. पहिल्या परिच्छेदात अशी दोन वाक्यं येऊ देत, म्हणजे पुढे नुसतं ‘पुरुषी नजर’ लिहिलंस तरी कोणाचा गैरसमज होणार नाही.