फोरमन–होम्स, फ्रेझियर–नॉर्टन आणि १९७०च्या दशकात न झालेल्या इतर हेवीवेट लढती: कोण जिंकलं असतं?

तुम्ही बॉक्सरांच्या पाच जोड्या विचारल्या आहेत: जॉर्ज फोरमन–लॅरी होम्स, जो फ्रेझियर–केन नॉर्टन, फोरमन–अर्नी शेव्हर्स, फोरमन–जेरी क्वारी आणि नॉर्टन–रॉन लाइल. त्या काळात वरच्या फळीतले बहुतेक सगळे हेवीवेट (सर्वांत जड वजनगटातले बॉक्सर) एकमेकांशी लढून झाले, पण यांच्या गाठी कधी पडल्याच नाहीत. माझी उत्तरं देतो, पण आधी ती कशी काढली ते सांगतो. नुसतं 'अमुक जिंकला असता' म्हणण्यात काही हशील नाही.

'याने त्याला हरवलं, त्याने तिसऱ्याला, म्हणून हा तिसऱ्याला हरवणार' हा हिशेब इथे सपशेल फसतो. फोरमनने १९७४ला काराकासमध्ये नॉर्टनला दुसऱ्याच फेरीत गारद केलं. जिमी यंगने मार्च १९७७मध्ये सान हुआनला फोरमनला गुणांवर हरवलं, शेवटच्या फेरीत खालीही पाडलं. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉर्टनने यंगला हरवलं. वर्तुळ पूर्ण. दुसरं वर्तुळ हवं असेल तर क्वारीने शेव्हर्सला १९७३मध्ये पहिल्याच फेरीत संपवलं, नॉर्टनने १९७५मध्ये क्वारीला पाच फेऱ्यांत थांबवलं आणि १९७९मध्ये शेव्हर्सने नॉर्टनला पहिल्या फेरीत लोळवलं.

तेव्हा जोडी लावण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्यायच्या. पहिली, कोणत्या वर्षाचा बॉक्सर. नुसतं 'फ्रेझियर' म्हणून भागत नाही. मार्च १९७१मध्ये अलीला हरवणारा फ्रेझियर २०५½ पौंडांचा होता, जानेवारी १९७३मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला फोरमनकडून हरलेला २१४ पौंडांचा. मधल्या काळात तो फक्त टेरी डॅनियल्स आणि रॉन स्टँडरशी लढला होता. डोकं सतत हलवत आत घुसणाऱ्या माणसाला वाढलेले आठ-नऊ पौंड फार महागात पडतात, कारण आधी मंदावते ती कमरेतून होणारी हालचाल.

दुसरी, फेऱ्या किती आणि नियम कोणते. जागतिक विजेतेपदाच्या लढती तेव्हा १५ फेऱ्यांच्या असत. फोरमन अख्ख्या कारकिर्दीत एकदाही १५ फेऱ्या लढला नाही. नॉर्टन तीनदा लढला: अली, यंग आणि होम्सशी. म्हणजे १२ फेऱ्या धरल्या की १५, यावर निकाल फिरू शकतो. एका फेरीत तीनदा खाली गेलं की लढत थांबवायचा नियम असेल तर जोरात मारणाऱ्याचं पारडं आणखी जड होतं. किंग्स्टनला तो नियम लागू नव्हता, म्हणून फ्रेझियर सहा वेळा पडला. नाहीतर पहिल्याच फेरीत निकाल लागला असता.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट: मागे कोण सरकणार? प्रत्येक बॉक्सर एका दिशेने चांगला लढतो. ही दिशा हुकली की उरलेलं कौशल्य कामाला येत नाही. उंची, हाताची लांबी, नॉकआउटची टक्केवारी हे आकडे त्यानंतर बघायचे.

आता फ्रेझियर–नॉर्टन, कारण ही सगळ्यात रंगतदार. ही लढत न होण्याचं कारण सरळ आहे. नॉर्टन फ्रेझियरचा सरावातला जोडीदार होता आणि एडी फच या प्रशिक्षकाचे दोघांशीही संबंध होते. सरावात कोण भारी पडायचं यावरून काही ठरवू मात्र नका. जाड ग्लोव्हज, डोक्याला गार्ड आणि मुख्य बॉक्सरला सूर सापडावा हा हेतू, यात खरी लढत दिसत नाही.

नॉर्टनचा पवित्रा वेगळा होता. दोन्ही हात समोर आडवे, उजवा हनुवटीपाशी, डावा पोटावर, आणि उजवा पाय मागून ओढत पुढे सरकायचं. या बचावावर अलीचे जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) अडकायचे. अलीशी त्याच्या ३९ फेऱ्या झाल्या आणि तिन्ही लढती अटीतटीच्या ठरल्या, त्याचं मोठं कारण हेच. पण हा पवित्रा पुढे जाणाऱ्याचा आहे. मागे रेटलं की नॉर्टनचे पाय एका रेषेत येतात, शरीर ताठ होतं आणि ठोसा जिरवायला काही उरत नाही. फोरमन, शेव्हर्स, कूनी: ज्यांनी त्याला झटपट संपवलं त्या सगळ्यांनी आधी त्याला मागे ढकललं. अली आणि होम्स त्याला मागे ढकलणारे नव्हते, म्हणून त्यांच्याशी तो शेवटपर्यंत टिकला.

फ्रेझियर ढकलणारा होता, पण फोरमनसारखा नव्हे. तो छातीला छाती लावून रेटायचा. उजवा हात असा आडवा धरला की कोपर वर येतं आणि उजव्या बरगड्या उघड्या पडतात. फ्रेझियरचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) नेमका त्याच बाजूला पडतो, आधी यकृतावर आणि मग वर कानशिलावर. नॉर्टनकडे उत्तर होतं: वरून येणारा उजवा आणि जवळून, खालून वर मारलेला उजवा ठोसा, म्हणजे अपरकट. फ्रेझियर खाली वाकून वर येताना त्याचं डोकं कुठे असेल याचा अंदाज बांधता यायचा, आणि फोरमनने तिथेच अपरकट लावले. शिवाय फ्रेझियर सुरुवातीला थंड असायचा. १९६६मध्ये बोनाव्हेनाने त्याला दुसऱ्या फेरीत दोनदा पाडलं होतं.

माझा निकाल दोन भागांत आहे. १९७१चा फ्रेझियर आणि १९७३चा नॉर्टन असेल, तर पहिल्या तीन-चार फेऱ्या नॉर्टनच्या, नंतर फ्रेझियरचा मारा अंगावर साचत जाणार आणि अकराव्या-बाराव्या फेरीच्या सुमारास रेफ्री लढत थांबवणार. पण दोघेही १९७३च्या अखेरचे घेतले, तर मी नॉर्टनला गुणांवर जिंकवेन. तोवर फ्रेझियर आत शिरायला एक पाऊल उशीर करायला लागला होता.

फोरमन–होम्स हा दुसरा जड प्रश्न. खरं तर ही लढत होऊ शकली असती. यंगकडून हरल्यावर फोरमन निवृत्त झाला नसता, तर १९७८च्या आसपास त्याला होम्सशी भिडावंच लागलं असतं. होम्सचा डावा जॅब त्या काळातला सर्वोत्तम, यात फारसा वाद नाही. मारून हात थेट परत आणायचा आणि त्याच वेळी पाय बाजूला. फोरमनचा डावा हात पुढे पसरलेला असायचा. त्या हाताने तो समोरच्याचे ग्लोव्हज दाबून खाली करायचा, खांद्याला धक्का देऊन तोल घालवायचा आणि मग उजवा सोडायचा. किंग्स्टनची लढत परत पाहा. ठोशांइतकेच त्याचे तळहात काम करताना दिसतात. हा हात ज्याच्यापर्यंत पोचत नाही, त्याच्याविरुद्ध फोरमनचं अर्धं यंत्र बंद.

होम्सचा दोष तितकाच ठळक आहे: उजव्या हाताच्या ठोशाने तो पडायचा. शेव्हर्सने १९७९मध्ये सातव्या फेरीत आणि स्नाइप्सने १९८१मध्येही सातव्याच फेरीत त्याला पाडलं. दोन्ही वेळा तो उठला आणि अकराव्या फेरीत जिंकला. पण पाडल्यावर शेव्हर्स दमलेला होता. फोरमन पडलेल्या माणसाला सावरायची संधी सहसा देत नसे. म्हणून माझं गणित असं: पहिल्या पाच फेऱ्यांत होम्स पडला, तर फोरमन जिंकला. पाच पार पडल्या की होम्सचं पारडं जड होत जातं आणि १५ फेऱ्यांच्या लढतीत बाराव्यानंतर फोरमनच थांबवला जाण्याची शक्यता जास्त. यंगला सातव्या फेरीत फोरमनने जबर दुखावलं होतं, तरी पुढे तो ढिला पडला. यंगपेक्षा होम्स उंच, लांब हाताचा आणि जास्त जोरात मारणारा. दहापैकी सहा वेळा होम्स. रिंग लहान असेल तर निम्मे-निम्मे.

इथे लोक १९९४मध्ये तेव्हाचा विजेता मायकेल मूररला पाडणाऱ्या ४५ वर्षांच्या फोरमनचं उदाहरण देतात. तो वेगळा बॉक्सर होता: हात आडवे धरणारा, सावकाश, दम राखून लढणारा. त्याचा शहाणपणा १९७३च्या शरीरात घालून मोकळं होणं म्हणजे चक्क लबाडी.

फोरमन–शेव्हर्स लवकर आटपेल. एका ठोशाच्या ताकदीत शेव्हर्स कुणाला हार जाणारा नव्हता, पण पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत त्याचा दम संपायचा. १९७५मध्ये डेन्व्हरला त्याने लाइलला दुसऱ्या फेरीत पाडलं आणि सहाव्यात स्वतः बाद झाला. फोरमनला पाडता येत होतं. जानेवारी १९७६मध्ये त्याच लाइलने चौथ्या फेरीत त्याला दोनदा पाडलं. पण फोरमन उठून पाचव्या फेरीत जिंकला. शेव्हर्सचा उजवा लांबून, वळसा घेऊन यायचा, आणि फोरमनचा पसरलेला डावा त्याच्या वाटेतच असायचा. फोरमन, तीन फेऱ्यांच्या आत. शंभरात वीसेक वेळा उलटं.

क्वारीला लोक उगाच मोडीत काढतात. त्याचा खरा सूर लागायचा तो समोरचा अंगावर चालून आला की. मॅक फॉस्टर, लाइल, शेव्हर्स हे तिघेही जोरदार मारणारे, आणि तिघांनाही त्याने हरवलं. फोरमनही चालूनच येणार, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत क्वारीचा डावा हुक लागण्याची शक्यता खरी आहे. अडचण त्याच्या कातडीची. १९६९ला फ्रेझियरविरुद्ध डोळ्याच्या जखमेने आणि १९७०ला अटलांटात अलीविरुद्ध भुवईवरच्या जखमेने त्याची लढत थांबली. फोरमनचे ठोसे नुसते घासून गेले तरी तेच होणार. फोरमन, चौथ्या फेरीत, बहुधा जखमेमुळे.

राहिला लाइल. तो सरळ पुढे येणारा, चांगला जॅब असलेला, पण बचावात हुशार माणसापुढे गोंधळणारा; यंगने त्याला दोनदा हरवलं, क्वारीने एकदा. नॉर्टन तसा चकवणारा नव्हता, म्हणून लाइलला तो समोर सापडला असता. तरी पोटावर मारा करून नॉर्टनने फेऱ्या जमवल्या असत्या, असं मला वाटतं. १२ फेऱ्यांत नॉर्टन, पंचांमध्ये दोन विरुद्ध एक. पण लाइलने पहिल्या दोन फेऱ्यांत त्याला दोऱ्यांपर्यंत रेटलं, तर हा निकाल मी लगेच फिरवेन.