शिबिर नको, आधी दहा घरं फिरा

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातल्या एका गावाचा सरपंच. घरातले धोके कमी करायचे आहेत. कोणतं शिबिर घ्यावं?

भाऊ, शिबिर नको. मंडप, हार, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसंच. त्यापेक्षा आशाताईंना घेऊन दहा घरं फिरा. चुलीचा धूर कुठून जातो, फवारणीचं औषध कुठे ठेवलंय, उघडी वायर कुठे लोंबतेय, एवढंच वहीत लिहा. जे पाच घरांत दिसेल ते गावाचं काम, एकाच घरात दिसलं तर तिथेच बसून मिटवा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी मिळतो. तो फलकांवर घालवू नका.

प्रश्न : मी आशा आहे, धुळे जिल्ह्यात. डास होऊ नयेत म्हणून शुक्रवारी कोरडा दिवस पाळा, साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करा म्हटलं की बाया अंगावर येतात. नळ आठ दिवसांनी येतो.

बायांचं चुकत नाही, ताई. पाणी ओता म्हणणं त्यांना कसं परवडेल? पण डेंग्यूचा डासही अंड्यापासून आठ-दहा दिवसांतच उडायला लागतो, म्हणजे तो तुमच्या नळाच्याच वेळापत्रकावर चालतो. तेव्हा शुक्रवार सोडा, नळाचा दिवस धरा. त्या सकाळी ड्रम तसाही तळाला गेलेला असतो. तेव्हाच आतून काथ्याने घासायचा. नुसता पालथा घालून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. भरल्यावर तोंडाला जुन्या धोतराचा कपडा घट्ट बांधा. सिमेंटच्या मोठ्या हौदात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा.

प्रश्न : भाव येईपर्यंत कापूस पुढच्या खोलीतच असतो. पोरांना खाज सुटते. (चोपडा)

साठवलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी खाज सुटते. पोरांना त्या ढिगावर झोपू देऊ नका. खोलीत विडी, चूल, दिवा काही नको. मला जास्त काळजी वाटते ती कोपऱ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या डब्यांची. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर ते सगळ्यात जहाल. ते कधीही पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही, कुलपात ठेवायचं. कुणाच्या पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत न्या.

प्रश्न : कूलरचा झटका बसतो, पण घरचे म्हणतात, "काही व्हत नही." (भुसावळ)

आज बारीक झटका बसला, उद्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय असले तर जीव जाईल. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून चालत नाही, प्लग काढायचा. कूलरला अर्थिंग हवं, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारं बटण, बसवून घ्या. गल्लीतल्या दहा घरांनी मिळून एकच वायरमन बोलवावा, स्वस्त पडतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी-नातवंडं माहेरी यायच्या आत हे उरका; नंतर वायरमनच सापडत नाही.