पॉप-अप ब्लॉकर चालू असूनही जाहिराती उघडतात. कोणता ब्लॉकर घ्यावा आणि तो कसा तपासावा?

आधी समोर येतंय ते नक्की काय आहे, ते बघा. स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी पट्टी सरकत येत असेल, तर तो पॉप-अप नाहीच. कुठल्या तरी साइटला कधीतरी ‘अलाउ’ म्हटलं गेलंय, तिची नोटिफिकेशन्स आहेत ती. पॉप-अप ब्लॉकर त्यांना हात लावत नाही. ब्राउझरच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून अनोळखी नावं काढून टाका. मला हा प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांचा त्रास इथेच संपलाय.

खरोखरच नवी खिडकी उघडत असेल, तर गोष्ट वेगळी. ब्राउझरचा स्वतःचा ब्लॉकर मुख्यतः एवढंच बघतो, की खिडकी उघडण्याआधी तुम्ही क्लिक केलं होतं का. केलं असेल तर तो उघडू देतो. जाहिरातवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते व्हिडिओच्या प्ले बटणावर न दिसणारा थर पसरतात आणि तुमचं पहिलं क्लिक गिळतात.

त्यासाठी जाहिरातींच्या पत्त्यांच्या याद्या वापरणारा ब्लॉकर लागतो. माझं मत प्रोग्रॅमर रेमंड हिल यांनी बनवलेल्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ला. फायरफॉक्समध्ये तो पूर्ण ताकदीने चालतो, अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही. क्रोमने एक्स्टेंशन्सचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅम्सचे, नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. नाव मात्र अक्षरन् अक्षर वाचा. 2018 मध्ये अ‍ॅडगार्ड या जाहिरात-ब्लॉकर बनवणाऱ्या कंपनीने क्रोमच्या स्टोअरमधली पाच घातक एक्स्टेंशन्स उघडकीला आणली, ती 2 कोटींहून जास्त लोकांकडे होती. त्यांतल्या एकाचं नाव होतं ‘यूब्लॉक प्लस’!

तपासताना शंभरपैकी गुण देणाऱ्या चाचणी-साइट्सवर विसंबू नका. त्या ठरावीक पत्ते अडतात का एवढंच बघतात. ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल (जुन्या सेटिंग्ज आणि एक्स्टेंशन्स नसलेलं कोरं खातं) उघडा, त्यात एकच ब्लॉकर ठेवा, आणि तुम्हाला छळणारं तेच पान ब्लॉकर बंद ठेवून आणि चालू करून बघा. दरवेळी पान पुन्हा लोड करून दोन-चार ठिकाणी क्लिक करा, कारण कित्येक पॉप-अप पहिल्या क्लिकलाच येतात.

मग उलट बाजूही तपासा: बँकेचं स्टेटमेंट, भरलेल्या फॉर्मची पावती, ज्या खिडक्या उघडायलाच हव्यात त्या उघडतात ना? एखादी ब्राउझरने अडवली, तर अ‍ॅड्रेस बारमधल्या अडवलेल्या खिडकीच्या चिन्हावर क्लिक करून तेवढ्या साइटपुरती परवानगी द्या. एका पावतीसाठी अख्खा ब्लॉकर बंद करू नका.